बर्जेस शेलच्या गाइडसह हाइक: तीन वाटांपैकी कुठली घ्यावी आणि वर पोचल्यावर काय बघावं

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात योहो नॅशनल पार्क आहे आणि त्यात फील्ड नावाचं रेल्वेकाठचं छोटंसं गाव. या गावाच्या डोक्यावरच्या डोंगरांत सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले प्राणी दगडात बसलेले आहेत. शंख-शिंपल्यांचे जीवाश्म जगभर सापडतात. इथे मात्र ज्यांना हाड नाही, कवच नाही असे मऊ अंगाचे प्राणीही डोळे, आतडी, कल्ले, पायांवरचे केस यांच्यासकट उमटलेत. हीच बर्जेस शेलची ख्याती (शेल म्हणजे बारीक गाळाचा थराथरांचा दगड). १९८० साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. जीवाश्मांच्या इथल्या खाणींत स्वतःहून जायला बंदी आहे. जायचं तर पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेच्या किंवा बर्जेस शेल जिओसायन्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या गाइडबरोबर, पैसे भरून आणि आधी बुकिंग करून.

आमचं मत आधीच सांगतो. जीवाश्मांची खरी आवड असेल आणि दिवसभर चालायची तयारी असेल, तर वॉलकॉट क्वारीची, म्हणजे इथल्या मुख्य खाणीची, हाइक पैसे आणि पाय दोन्ही खर्च करण्याजोगी आहे. पण ‘वर गेलं की सगळीकडे विचित्र प्राणी दिसतील’ या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. हे जीवाश्म म्हणजे काळपट दगडावरचे काळपट पापुद्रे. ते कसे बघायचे हे ठाऊक नसेल तर शंभर पाट्या, म्हणजे दगडाचे चपटे तुकडे, हातातून जातील आणि नजरेला काहीच लागणार नाही. म्हणून या लेखात वाटेइतकीच जागा बघण्यालाही दिली आहे.

वाटा तीन आहेत. वॉलकॉट क्वारीची जाऊन-येऊन साधारण २१-२२ किलोमीटर, चढ सव्वाआठशे मीटरच्या आसपास, वेळ १० ते ११ तास. माउंट स्टीफनच्या ट्रायलोबाइट बेड्सची (ट्रायलोबाइट म्हणजे समुद्रातले, आता नामशेष झालेले कवचधारी संधिपाद) जाऊन-येऊन ८-९ किलोमीटरच, पण चढ जवळजवळ तेवढाच, म्हणजे आठशे मीटर. वेळ ७-८ तास. तिसरी शेजारच्या कूटनी नॅशनल पार्कमधली स्टॅनली ग्लेशियरची, सुमारे १० किलोमीटर आणि साडेचारशे मीटर चढाची. आकडे शेजारी ठेवले की पहिला गैरसमज दूर होतो: अंतर कमी म्हणून माउंट स्टीफन सोपा, असं समजून ती वाट घेणारे फसतात. तिथे सपाटी जवळपास नाहीच. गावातून निघालं की जंगलातून थेट वर, आणि उतरताना तोच उभा उतार गुडघ्यांवर येतो. ज्यांच्या गुडघ्यांची तक्रार आहे त्यांनी लांबची वॉलकॉटची वाट घेतलेली बरी. तिचा चढ विभागलेला आहे.

वॉलकॉटची वाट टाकाकॉ धबधब्याच्या पार्किंगजवळून सुटते. पहिला टप्पा व्हिस्की जॅक ट्रेलचा: झाडीतून नागमोडी, सलग चढ, दृश्य फारसं नाही. इथे पुढे पळू नये. गाइड मुद्दाम सावकाश नेतात आणि अधूनमधून थांबून भूशास्त्र सांगतात, तीच विश्रांती. मग योहो लेक लागतं. इथे कॅम्पसाइटचं शौचालय आहे, ते वापरून घ्यावं. पुढे तशी सोय धरून चालू नये. तळ्यानंतर वाट झाडीतून बाहेर पडते आणि वाप्टा पर्वताच्या अंगाने आडवी जाते. उजव्या हाताला खाली एमरल्ड लेकचा हिरवा-निळा रंग दिसू लागला की शेवटचा, सगळ्यात उभा तुकडा जवळ आला असं समजावं. तो घसाऱ्याचा आहे. पाटीसारखे सुटे दगड पायाखाली सरकतात, म्हणून दोन माणसांत अंतर ठेवायचं आणि वरच्याच्या थेट खाली उभं राहायचं नाही. सह्याद्रीत चालणाऱ्याला हे नवीन नाही. चढही साधारण कळसूबाईच्या आसपासचा. फरक अंतराचा आहे: कळसूबाई उतरून चहा प्यायच्या वेळेला इथे अजून आठ-दहा किलोमीटर परतीची चाल उरलेली असते.

खाण वाप्टा आणि माउंट फील्ड यांना जोडणाऱ्या फॉसिल रिज नावाच्या धारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीने सहसा त्रास होत नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेचे तेव्हाचे प्रमुख चार्ल्स वॉलकॉट यांना ऑगस्ट १९०९ च्या अखेरीस या रिजखाली मऊ प्राण्यांचे पहिले जीवाश्म मिळाले. पुढच्या वर्षीपासून त्यांनी खाण उघडली आणि १९२४ पर्यंत आलटून पालटून येत ६५,००० हून अधिक नमुने वॉशिंग्टनला नेले. १९६० च्या दशकात कॅनडाच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने इथे पुन्हा खोदकाम केलं आणि १९७५ पासून टोरोंटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियमने. डोंगराच्या कुशीत कापलेला जो खाचा दिसतो तो या सगळ्यांच्या कामाचा मिळून आहे.

खाणीत पोचल्यावर आधी दगडाच्या थरांकडे बघावं, प्राण्यांकडे नंतर. तेव्हा इथे समुद्राच्या तळाशी चुनखडीचा एक उंच कडा होता, त्याला कॅथीड्रल एस्कार्पमेंट म्हणतात. कड्याच्या पायथ्याशी खोल पाण्यात बारीक गाळाचे लोट येऊन पसरत आणि त्यांच्याबरोबर आलेले किंवा तिथेच असलेले प्राणी क्षणात गाडले जात. गाळ पिठासारखा बारीक, आत प्राणवायू जवळपास नाही, आणि वरून कॅल्शियम कार्बोनेटचा थर लवकर धरल्यामुळे कुजवणाऱ्या जिवाणूंना लागणारं रसद-पाणी तुटलं. कुजण्याची गती मंदावली म्हणून मऊ अवयव टिकले. पुढे डोंगर उभे राहताना दाब-उष्णतेने सगळं चपटं झालं. उरला तो कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा आणि काही ठिकाणी त्यावर सिलिकेट खनिजांची चमक. थर काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर जाडीचे आहेत. एकेक थर म्हणजे गाळाचा एकेक लोट. गाइडला हे थर हात लावून दाखवायला सांगा. त्याशिवाय ‘हे टिकलं कसं’ हा प्रश्न घेऊनच खाली याल. आपल्याकडच्या काळ्या कातळाशी याची तुलना करू नये. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, आणि वितळलेल्या दगडात असलं काही टिकत नाही.

आता बघण्याची रीत. पाटी सपाट धरून वरून पाहिली तर काहीच दिसत नाही, विशेषतः दुपारी ऊन डोक्यावर असताना. पाटी दोन्ही हातांत धरा, सूर्याकडे तोंड करा आणि ती हळूहळू पुढे-मागे कलती करा. एका ठराविक कोनात पापुद्रा एकदम चंदेरी किंवा काळाकुट्ट चमकतो आणि दुसऱ्या क्षणी विझतो. तो कोन सापडला की हात तिथेच स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने १० पट भिंग डोळ्याला लावायचं आणि पाटी भिंगाजवळ आणायची. भिंग पाटीकडे न्यायचं नाही. भिंग नसेल तर या हाइकचं अर्धं मोल वाया जातं. ते तीन-चारशे रुपयांना पुण्या-मुंबईत प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं, तिथूनच घेऊन जावं.

मरेला हा इथला सर्वांत जास्त सापडणारा संधिपाद प्राणी, आणि नजर बसवायला तोच सगळ्यात चांगला. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. डोक्यावरून मागे वळलेल्या काट्यांच्या दोन जोड्या आधी ओळखू येतात, अगदी पुसट नमुन्यातसुद्धा. मग त्यांच्यामधून मागे निमुळतं होत गेलेलं खंडांचं अंग, आणि दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले. आता मागच्या टोकाशी बघा: बऱ्याच नमुन्यांत तिथे अंगाच्या रेषेबाहेर पसरलेला एक काळा डाग असतो. ती घाण नव्हे आणि दगडाचा दोषही नव्हे. गाळाखाली दबल्यावर प्राण्याच्या शरीरातला द्रव बाहेर झिरपला, त्याचा तो ठसा आहे. ५०.८ कोटी वर्षांपूर्वी एक प्राणी मेल्यानंतर काही काळात नेमकं काय घडलं हे सांगणारा दुसरा इतका ढळढळीत पुरावा क्वचितच कुणाच्या हातात येतो. डाग असलेला नमुना दाखवा, असं गाइडला आवर्जून सांगा.

मरेलानंतर ओट्टोइया शोधावा. हा किडा १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, बहुतेक वेळा इंग्रजी ‘यू’ सारखा वळलेला असतो आणि तोंडाशी आकड्यांची सोंड असते. चांगल्या नमुन्यात आतड्याची गडद रेघ दिसते, आणि काहींच्या आतड्यात त्याने गिळलेल्या हायोलिथ प्राण्यांची शंकूसारखी कवचंही असतात. पायकाया, ओपाबिनिया, हॅलुसिजेनिया ही नावं वाचून जाणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: हे दुर्मिळ आहेत. हॅलुसिजेनिया तर इतका नाजूक, की १९७७ साली त्याचं वर्णन झालं तेव्हा काटे हे पाय समजले गेले. १९९१ मध्ये चीनमधल्या नमुन्यांवरून तो उलटा धरला गेला होता हे कळलं, आणि डोकं कुठल्या बाजूला याचा निकाल लागायला २०१५ उजाडलं. वर खाणीत गाइड जपून ठेवलेले निवडक नमुने दाखवतात, ते मन लावून बघावेत. पायाखालच्या ढिगाऱ्यात पाच डोळ्यांचा ओपाबिनिया शोधत वेळ घालवू नये. दहा-अकरा तासांतला बराचसा वेळ चालण्यातच जातो, खाणीत मिळतो तो त्यातला लहानसा भाग. या हाइकची खरी उणीव हीच, आणि ती डोंगराची आहे, नेणाऱ्यांची नाही.

ज्यांना स्वतःच्या हाताने उचलून, पावलोपावली जीवाश्म बघायचेत, त्यांनी माउंट स्टीफन घ्यावा. १८८६ मध्ये, रेल्वे आल्यानंतर लगेचच, इथले ‘दगडी किडे’ शास्त्रज्ञांच्या नजरेस आले. उतारावर पाट्यांचा खच आहे आणि जीवाश्मावर पाय न ठेवता चालणं कठीण, म्हणून गाइड सांगेल तिथेच पाऊल टाकायचं. सर्वांत जास्त ओगायगॉप्सिस: लंबगोल, डोक्याइतकीच मोठी शेपटीची ढाल असलेला ट्रायलोबाइट. गालाचे तुकडे गळालेले नमुने बरेच दिसतील. ते मेलेले प्राणी नसून कात टाकून ठेवलेली कवचं आहेत. ऑलेनोइडीज त्याच्याहून काटेरी. ट्रायलोबाइटचं कवच कॅल्साइटचं, त्यामुळे ते उठावदार दिसतात. इथे भिंगापेक्षा तिरकं ऊन उपयोगी पडतं. मऊ प्राणी इथे कमी. पण एक गोष्ट इथेच बघायची: अ‍ॅनोमालोकॅरिसचे पंजे. वाकडे, खालच्या बाजूला काटे असलेले, खंडाखंडांचे. १८९२ मध्ये त्यांचं वर्णन झालं ते डोकं नसलेला झिंगा म्हणून. त्याच्या एका जातभाईचं गोल तोंड वॉलकॉटना वेगळं मिळालं आणि त्यांनी त्याला जेलीफिश ठरवलं. हे तुकडे एकाच शिकारी प्राण्याच्या गटातले आहेत, हे १९८० च्या दशकात हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी जुळवलं. पंजा हातात धरून झिंग्याचा गैरसमज कसा झाला असेल ते लगेच पटतं.

स्टॅनली ग्लेशियर तिसऱ्या क्रमांकावर, पण मुलं बरोबर असतील किंवा घरातल्या मोठ्या माणसांना दिवसभराची चाल झेपणार नसेल तर पहिल्या. दृश्य तिन्हींत सर्वांत मोकळं आहे. इथला दगड कड्याच्या पायथ्याशी साचलेला नाही, त्यामुळे ‘असे जीवाश्म फक्त कड्याजवळच टिकतात’ ही जुनी समजूत या जागेने मोडली. स्टॅनलीकॅरिस या प्राण्याला नाव याच हिमनदीवरून मिळालं. २०२२ मध्ये त्याचे तीन डोळे आणि मेंदूचे अवशेष वर्णिले गेले. मात्र तुम्हाला हातात मिळणारे नमुने बहुधा त्रोटक असतील. कूटनीतलं २०१२ साली सापडलेलं मार्बल कॅन्यनचं प्रसिद्ध ठिकाण या हाइकमध्ये येत नाही आणि लोकांसाठी खुलंही नाही, हे बुकिंगआधीच समजून घ्यावं. बरेच जण नावांच्या गोंधळात पडतात.

बुकिंगचं सांगायचं तर हंगाम जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा, इतकाच. गट लहान ठेवतात, त्यामुळे शनिवार-रविवारच्या जागा हंगामाच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच संपतात. त्या वर्षी कोण कुठली वाट नेतं आणि शुल्क किती, ते दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर ताडून पाहावं. दर बदलत असतात. हाइकचं शुल्क आणि पार्कचा प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारीख निवडताना आमची पसंती ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचा पहिला आठवडा. जुलैच्या सुरुवातीला वरच्या वाटेवर बर्फ असतो. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर आला तर श्वासाला त्रास होतो, आणि ऊन धुरकट झालं की चंदेरी चमक दिसतच नाही. सप्टेंबरमध्ये ऊन तिरकं पडतं, पापुद्रे जास्त उठून दिसतात. बर्फ मात्र कुठल्याही महिन्यात पडू शकतो.

भारतातून येणाऱ्यांनी कॅल्गरीला उतरावं. तिथून फील्ड सुमारे २१० किलोमीटर, गाडीने अडीच तास. उन्हाळ्यात भारताशी साडेअकरा तासांचा फरक असतो, म्हणजे दिवस-रात्र पूर्ण उलट. उतरल्याच्या दुसऱ्या दिवसाचं बुकिंग कधीही करू नये. मध्ये तीन रात्री तरी जाव्यात. गाडी भाड्याने घ्यावीच लागेल, योहो व्हॅलीच्या रस्त्यावर सार्वजनिक बस नाही. हा रस्ता जूनअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात एवढाच उघडा असतो. त्यावरची वळणं इतकी आखूड आहेत की पर्यटकांच्या मोठ्या बसना एक टप्पा उलटं जावं लागतं. ट्रेलर किंवा मोठी कॅम्परव्हॅन नेऊ नये. फील्डमध्ये राहायच्या खोल्या मोजक्या. न मिळाल्यास पूर्वेला लेक लुईज किंवा पश्चिमेला गोल्डन बघावं. फील्ड ब्रिटिश कोलंबियात असलं तरी घड्याळ शेजारच्या अल्बर्टा प्रांताचंच चालतं, व्हँकूव्हरकडून येणाऱ्यांचा इथे तासाभराचा घोळ होतो आणि पहाटेचा गट निघून जातो.

सॅकमध्ये माणशी किमान तीन लिटर पाणी, पावसाचं जाकीट, एक उबदार थर, टोपी-हातमोजे, घोट्याला धरणारे आधीच वापरून मऊ झालेले बूट आणि दोन काठ्या. ओढ्याचं पाणी गाळून किंवा शुद्ध करूनच प्यायचं. अस्वलांचा भाग आहे. बेअर स्प्रे विमानातून नेता येत नाही, इथेच घ्यावा लागतो. हातोडी, छिन्नी काहीही नको. दगड उचलून बघायला मिळतो, पण तो जिथे होता तिथेच, त्याच बाजूने ठेवायचा. एक चपटा तुकडासुद्धा खिशात घालणं गुन्हा आहे.

फोटोंचं बहुतेकांचं बिघडतं ते फ्लॅशमुळे. समोरून पडलेल्या उजेडाने पापुद्रा आणि दगड एकच होतात. फ्लॅश बंद करा, सोबत्याला सावली धरायला सांगा आणि छोटी बॅटरी पाटीच्या कडेने जवळजवळ आडवी धरून उजेड टाका. कॅमेरा असेल तर पोलरायझिंग फिल्टर फिरवत राहा. एका टोकाला चमक मरते आणि कार्बनचा काळा आकार उरतो, दुसऱ्या टोकाला चमक उसळते. दोन्ही फोटो घ्या, एकात न दिसणारा अवयव दुसऱ्यात सापडतो. पाणी फवारल्याने काळेपणा वाढतो, पण गाइडच्या परवानगीशिवाय नमुन्यावर थेंबही टाकू नये. मापासाठी शेजारी नाणं ठेवावं.

अख्खे, मोठे, सुट्या अवयवांसकट मऊ प्राणी बघायचे असतील तर ते डोंगरावर नाहीत, संग्रहालयांत आहेत. टोरोंटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियममध्ये डिसेंबर २०२१ मध्ये उघडलेलं ‘डॉन ऑफ लाइफ’ दालन यासाठी सर्वांत चांगलं. बर्जेस शेलचा जगातला सर्वांत मोठा संग्रह याच संस्थेकडे आहे. अमेरिकेतल्या मंडळींना वॉशिंग्टन जवळचं, वॉलकॉटचे नमुने तिथल्या स्मिथसोनियनमध्ये आहेत. जमलं तर संग्रहालय आधी करावं आणि डोंगर नंतर. ते शक्य नसेल तर रॉयल ऑन्टारियो म्युझियमच्या संकेतस्थळावर बर्जेस शेलची सचित्र प्राणिसूची फुकट आहे. मरेला, ओट्टोइया, वाप्टिया, ऑलेनोइडीज, कॅनडास्पिस एवढे पाच आकार त्यावरून डोळ्यांत बसवून जावं. पाच पुरेत. हाइकच्या आदल्या दिवशी फील्डच्या व्हिजिटर सेंटरमधले नमुनेही बघून घ्यावेत, आणि पाटी कलती करण्याचा सराव तिथे करता येत नसला तरी काचेसमोर स्वतः डावी-उजवीकडे सरकून चमकेचा कोन कसा बदलतो ते पाहावं.